पर-सीपीयू डेटा: लिनक्स कर्नलमध्ये तो कोणत्या क्रमाने आणि कसा हाताळायचा

"लॉक काढलं, व्हेरिएबल पर-सीपीयू केलं, आता भानगडच नाही." हे ऐकलं की मला पुढचा बग दिसायला लागतो. असा कोड लॅपटॉपवर झकास चालतो. मग तो ६४ कोअरच्या सर्व्हरवर जातो आणि आठवड्याने आकडे जुळेनासे होतात, किंवा एक सीपीयू बंद केला की बफर गळू लागतात.

प्रत्येक सीपीयूला डेटाची वेगळी प्रत दिली (पर-सीपीयू म्हणजे हेच) की एकच स्पर्धक कमी होतो: दुसरा सीपीयू. तुमच्याच सीपीयूवर मध्येच येणारा इंटरप्ट (चालू काम अडवणारी हाक) तसाच राहतो. तुमचा टास्क उचलून दुसरीकडे नेणारा शेड्युलर राहतो. चालू मशीनवर सीपीयू बंद करणारा अ‍ॅडमिन तर राहतोच. खालचे टप्पे या तिघांसाठी आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

उदाहरण म्हणून एक ड्रायव्हर मॉड्यूल घेऊ. त्यात प्रत्येक सीपीयूसाठी दोन गोष्टी आहेत: काही काउंटर, आणि वापरायला तयार बफरांचा छोटा साठा. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिली आहेत. अंडरस्कोअर सोर्समध्ये जिथे आहेत तिथेच ठेवलेत, त्यामुळे शोधायला अडचण येऊ नये.

## टप्पा ०: कोडआधी कागद

चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. मनातल्या मनात नको, खरोखर लिहा.

१. या डेटाला कोण हात लावतं? फक्त प्रोसेस कॉन्टेक्स्ट (टास्कच्या वतीने चालणारा कर्नल कोड), की सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टनंतर उरकायला ठेवलेलं काम), हार्ड इंटरप्ट (हार्डवेअरची थेट हाक), एनएमआय (बंद करता न येणारा इंटरप्ट) यांपैकीही कुणी?

२. दुसरा सीपीयू हा डेटा फक्त वाचतो, की लिहितोही?

३. बदल एका शब्दाचा आहे (एक काउंटर), की दोन-तीन फील्ड एकमेकांशी जुळलेली राहायला हवीत (यादी आणि तिची लांबी)?

४. डेटा हातात असताना कोड झोपू शकतो (कशाची तरी वाट पाहत सीपीयू सोडू शकतो) का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो, लिहितो, आणि वारंवार" असेल तर इथेच थांबा. तुमचा डेटा पर-सीपीयू नाही. साधं स्पिनलॉक (मिळेपर्यंत जागेवरच फिरत वाट पाहायला लावणारं लॉक) वापरा, निदान रात्री झोप लागेल. प्रत्येक वेळी अचूक बेरीज लागत असेल (समजा एखादी कोटा मर्यादा पाळायची आहे), तरी हाच सल्ला.

जागेचाही हिशेब करा. ४ केबीचं स्ट्रक्चर आणि २५६ संभाव्य सीपीयू म्हणजे १ एमबी. ते प्रत्येक डिव्हाइसमागे एक असेल तर गुणाकार पुढे वाढवा. डायनॅमिक पद्धतीने एका वेळी एका सीपीयूमागे ३२ केबीपेक्षा जास्त जागा मिळतही नाही. मोठा बफर हवा असेल तर पर-सीपीयू भागात फक्त पॉइंटर ठेवा.

## टप्पा १: जागा घेणं आणि ती तयार करणं

कर्नलच्या मूळ इमेजमधल्या कोडला `डिफाइन_पर_सीपीयू` ठीक आहे. मॉड्यूल लिहिताय तर डायनॅमिक जागा घ्या. सगळ्या मॉड्यूलांच्या स्टॅटिक पर-सीपीयू व्हेरिएबलांसाठी राखीव जागा प्रत्येक सीपीयूमागे साधारण ८ केबी असते, आणि ती सगळ्यांत वाटून. ती संपली की मॉड्यूल लोडच होत नाही. पर-सीपीयू डेटाला इतके बाइट मिळाले नाहीत, असा संदेश लॉगमध्ये येतो. दोष बहुधा तुमच्याआधी लोड झालेल्या मॉड्यूलचा असतो, पण फोन तुम्हाला येतो.

क्रम असा ठेवा:

१. `अ‍ॅलॉक_परसीपीयू` ला टाइप द्या. मिळणारी जागा शून्याने भरलेली असते आणि प्रत्येक सीपीयूची प्रत शक्यतो त्याच्याच नूमा नोडवरच्या, म्हणजे त्याला जवळच्या, मेमरीत असते. हा कॉल झोपू शकतो, म्हणून स्पिनलॉक धरून तो करू नका.

२. उत्तर नल आहे का ते पाहा.

३. `फॉर_ईच_पॉसिबल_सीपीयू` च्या लूपमध्ये प्रत्येक प्रतीतली लिस्ट-हेड, लॉक, सुरुवातीचे आकडे भरा.

४. हे सगळं झाल्यावरच इंटरप्ट, टायमर, डिव्हाइस नोंदणी. आधी मुळीच नाही.

सावधान. तिसऱ्या पायरीत "पॉसिबल" (कधीही चालू होऊ शकणारे सगळे सीपीयू) ऐवजी "ऑनलाइन" (आत्ता चालू असलेले) लिहिणं ही मी पाहिलेली सर्वांत नेहमीची चूक. मॉड्यूल लोड होताना बंद असलेला सीपीयू नंतर चालू झाला की त्याची लिस्ट-हेड शून्यच असते आणि पहिल्याच जोडणीला कर्नल कोसळतं. टेस्ट मशीनवर सगळे सीपीयू कायम चालू असल्याने ही चूक तिथे दिसत नाही.

सावधान. "एवढं कशाला, सीपीयूंच्या संख्येइतका अ‍ॅरे घेतो" हा मोहही टाळा. शेजारशेजारचे आठ-आठ बाइटचे काउंटर एकाच ६४ बाइटच्या कॅश लाइनमध्ये (सीपीयू एका वेळी आणतो तो मेमरीचा तुकडा) बसतात. मग लिहिणारे सीपीयू वेगळे असले तरी ती लाइन त्यांच्यात चेंडूसारखी फिरत राहते. लॉक गेलं, पण वेग आला नाही.

तपासणी. `अ‍ॅलॉक_परसीपीयू` कडून मिळतो तो खरा पत्ता नसतो. प्रत्येक सीपीयूच्या ऑफसेटमध्ये मिळवायची ती किंमत असते. म्हणून पॉइंटरच्या घोषणेत `__परसीपीयू` ही खूण लावा आणि बिल्ड करताना मेकला `सी=१` देऊन स्पार्स हा कोड-तपासनीस चालवा. थेट डीरेफरन्स केलं असेल तर तो लगेच ओरडतो.

## टप्पा २: आपल्या प्रतीला हात लावण्याची रीत

इथे पर्याय बरेच आहेत आणि नावं एकसारखी आहेत. गोंधळ होतो तो त्यामुळे.

एकाच शब्दाचा बदल असेल तर `धिस_सीपीयू_इंक`, `धिस_सीपीयू_अ‍ॅड` आणि त्यांची भावंडं. एक्स८६-६४ वर जीएस रजिस्टरच्या आधाराने हे एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये होतं. लॉक प्रीफिक्स (इतर सीपीयूंना थोपवणारी महागडी खूण) नाही, आणि इंटरप्ट त्या इन्स्ट्रक्शनच्या मधोमध घुसू शकत नाही. ज्या प्रोसेसरवर अशी सोय नाही तिथे कर्नल स्वतःच आतून आडोसा करतं. म्हणजे प्रीएम्प्शन (शेड्युलरने चालू टास्क मध्येच थांबवून दुसरा चालवणं) वेगळं बंद करायची गरज नाही.

पुढे दोन अंडरस्कोअर असलेला भाऊ, `__धिस_सीपीयू_इंक`, दिसायला तसाच. पण आडोसा तुम्ही आधीच केलाय असं तो गृहीत धरतो. यातली खरी खोच अशी: एक्स८६ वर दोघांचं तेच एक इन्स्ट्रक्शन बनतं, त्यामुळे चुकीच्या जागी वापरूनही आकडे बरोबर येतात. एआरएम६४ वर मात्र त्याचं वाचा-मिळवा-लिहा असं तीन पायऱ्यांचं काम होतं. मधे इंटरप्ट आला आणि त्यानेही तोच काउंटर वाढवला तर त्याची वाढ पुसली जाते. "इंटेलवर चालतं, एआरएम बोर्डवर आकडे कमी येतात" ही तक्रार आली की मी आधी हेच दोन अंडरस्कोअर शोधतो.

`रॉ_सीपीयू_` ने सुरू होणारे प्रकार तपासणीसुद्धा गाळतात. इशारा गप्प करण्यासाठी ते वापरले जातात. असं कोड रिव्ह्यूत दिसलं तर कारण विचारा.

दोन-तीन फील्ड एकत्र बदलायची असतील तर `गेट_सीपीयू_पीटीआर` आणि काम झाल्यावर `पुट_सीपीयू_पीटीआर`. पहिला प्रीएम्प्शन बंद करतो, दुसरा पुन्हा चालू करतो. नुसता `धिस_सीपीयू_पीटीआर` असलं काही करत नाही, तो फक्त पत्ता देतो. पत्ता मिळाल्यावर पुढच्याच क्षणी टास्क दुसऱ्या सीपीयूवर गेला, तर तुमच्या हातात परक्याची प्रत आहे.

इथे मी नेहमी एसटीच्या कंडक्टरची पिशवी आठवतो. प्रत्येकाची पिशवी वेगळी, म्हणून सुट्ट्या पैशांसाठी कुणाशी झगडा नाही. पण मधल्या स्टँडवर गाडी बदलली आणि हात मात्र जुन्या गाडीतल्या पिशवीतच राहिला, तर हिशेब कुणाचा?

नेहमीच्या चुका दोन. पहिली: `धिस_सीपीयू_रीड` ने वाचायचं, हिशेब करायचा, `धिस_सीपीयू_राइट` ने लिहायचं. दोन्ही कॉल सुटे सुटे सुरक्षित आहेत, जोडी नाही. मधे सीपीयू बदलला तर एकाचा आकडा दुसऱ्याच्या प्रतीत जाऊन बसतो.

दुसरी: गेट आणि पुट यांच्या मधे झोपणारं काम. `जीएफपी_कर्नल` ने मेमरी मागणं, म्यूटेक्स घेणं, यूजरकडून डेटा कॉपी करणं, हे सगळं इथे वर्ज्य. आमच्या बफर-साठ्यात नवा बफर घालायचा असेल तर ओळ अशी: आधी बाहेर मेमरी घ्या, मग गेट, साठ्यात जागा असेल तर ठेवा, पुट, आणि जागा नसल्याने बफर उरला असेल तर तो बाहेर आल्यावर मोकळा करा.

तपासणी. प्रीएम्प्शन असलेल्या कर्नलवर `डीबग_प्रीएम्प्ट` आणि `डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप` चालू ठेवून मॉड्यूल चालवा. "युजिंग एसएमपी_प्रोसेसर_आयडी इन प्रीएम्प्टिबल" असा संदेश आला तर आडोसा नाही. "स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इन्व्हॅलिड कॉन्टेक्स्ट" आला तर आडोशात झोपताय.

## टप्पा ३: आपल्याच सीपीयूवरचा इंटरप्ट

टप्पा ० मधला पहिला प्रश्न आता काढा. प्रीएम्प्शन बंद केल्याने शेड्युलर थांबतो, इंटरप्ट थांबत नाही.

- फक्त प्रोसेस कॉन्टेक्स्ट हात लावत असेल: प्रीएम्प्शन बंद करणं पुरे.
- सॉफ्टआयआरक्यूही लावत असेल (नेटवर्कचा बराच कोड यात येतो): `लोकल_बीएच_डिसेबल`.
- हार्ड इंटरप्टही लावत असेल: `लोकल_आयआरक्यू_सेव्ह`, आणि परत `लोकल_आयआरक्यू_रिस्टोर`.
- एनएमआय लावत असेल: यातलं काहीही त्याला रोखत नाही. एका शब्दाच्या धिस-सीपीयू क्रियांवर राहा (त्या तुमच्या प्रोसेसरवर एनएमआयपासून सुरक्षित आहेत ना ते पाहून), यादी वगैरे नको.

आमच्या साठ्यात बफर परत करण्याचं काम हार्ड इंटरप्टमध्ये होतं, म्हणून तिसरी ओळ लागू. साठ्यातून बफर काढणाऱ्या प्रोसेस कोडने नुसतं `गेट_सीपीयू_पीटीआर` वापरलं तर यादी अर्धवट जोडलेली असताना इंटरप्ट येऊ शकतो. दिवसातून एखाद्या वेळी येईल, पण येईल.

नव्या कोडसाठी मात्र मी वरच्या कच्च्या कॉलऐवजी `लोकल_लॉक` सुचवतो. हा प्रकार ५.८ पासून, म्हणजे २०२० पासून कर्नलमध्ये आहे. नेमक्या कोणत्या डेटासाठी आडोसा केलाय ते त्याने कोडमध्येच दिसतं आणि लॉकडेपला, म्हणजे कर्नलच्या लॉक-तपासनीसाला, तपासता येतं. साध्या कर्नलवर तो आतून प्रीएम्प्शन किंवा इंटरप्टच बंद करतो. प्रीएम्प्ट-आरटी (रिअल-टाइम) कर्नलवर तो प्रत्येक सीपीयूमागे एक खरं, झोपू शकणारं लॉक होतो आणि टास्कला त्याच सीपीयूवर बांधून ठेवतो. आरटी ६.१२ पासून (२०२४) मुख्य कर्नलचाच पर्याय झालाय. तेव्हा "आम्हाला आरटीशी काय करायचंय" हे आता चालत नाही.

वापरताना क्रम:

१. लॉक त्याच पर-सीपीयू स्ट्रक्चरमध्ये ठेवा आणि टप्पा १ च्या लूपमध्ये प्रत्येक प्रतीतलं इनिट करा.

२. आधी लॉक घ्या. इंटरप्टचाही संबंध असेल तर त्याचा `आयआरक्यूसेव्ह` प्रकार.

३. मग `धिस_सीपीयू_पीटीआर`.

४. काम उरका, लॉक सोडा, आणि पॉइंटर विसरून जा.

सावधान. दुसरी आणि तिसरी पायरी उलटी झाली की लॉक एका सीपीयूचं आणि डेटा दुसऱ्याचा अशी जोडी बनते. कंपायलर काही बोलत नाही.

सावधान. आरटीवर `लोकल_लॉक_आयआरक्यूसेव्ह` खरोखर इंटरप्ट बंद करत नाही. "इंटरप्ट बंदच आहेत" या भरवशावर मधे दुसरं काही नाजूक काम उरकू नका. तसंच, `गेट_सीपीयू_पीटीआर` च्या आत साधं `स्पिन_लॉक` घेणं साध्या कर्नलवर चालतं, आरटीवर ते लॉक झोपू शकतं आणि तिथे लगेच इशारा येतो.

## टप्पा ४: बेरीज, आणि दुसऱ्याच्या प्रतीत डोकावणं

दुसऱ्या सीपीयूची प्रत `पर_सीपीयू_पीटीआर` ने मिळते. वाचायला हरकत नाही. वाचताना `रीड_वन्स` लावा आणि मिळणारी बेरीज त्या क्षणाची अंदाजी आहे असं समजून चाला.

लूप इथेही "पॉसिबल" चाच. माझ्याच एका ड्रायव्हरमध्ये मी फक्त ऑनलाइन सीपीयूंची बेरीज करत होतो. एक सीपीयू बंद झाला तशी एकूण संख्या खाली घसरली. आलेख काढणाऱ्या प्रोग्रामने ते काउंटरने वळसा घेतला (कमाल गाठून पुन्हा शून्यापासून सुरू झाला) असं समजून आभाळाला भिडणारा सुळका काढला. दोन दिवस आम्ही नेटवर्क कार्ड तपासत बसलो होतो.

सुट्या प्रतीला अर्थ देऊ नका. बफर एका सीपीयूवर घेतला आणि दुसऱ्यावर परत केला, तर पहिल्याचा काउंटर वाढलेला आणि दुसऱ्याचा शून्याखाली गेलेला असतो. अर्थ आहे तो बेरजेला. यातच एक खड्डा आहे: प्रत ३२ बिटांची अनसाइन्ड आणि बेरीज ६४ बिटांची असेल, तर शून्याखाली गेलेली प्रत चार अब्जांहून मोठी संख्या म्हणून मिळवली जाते. दोन्हींची रुंदी सारखी ठेवा किंवा साइन्ड वापरा. आणि ३२ बिटांच्या मशीनवर ६४ बिटांचा काउंटर दोन तुकड्यांत वाचला जातो. त्यासाठी `यू६४_स्टॅट्स_सिंक` आहे, ते वापरा.

परक्या प्रतीत लिहायचं मात्र नाही. धिस-सीपीयू क्रिया दुसऱ्या सीपीयूच्या लिखाणापासून संरक्षण देतच नाहीत. लिहावंच लागलं तर त्या सीपीयूकडूनच करवून घ्या: `एसएमपी_कॉल_फंक्शन_सिंगल` (ते फंक्शन इंटरप्ट बंद असताना चालतं, झोपायचं नाही) किंवा त्या सीपीयूवर वर्क आयटम.

"काउंटर शून्य करा" ही मागणी हमखास येते. सगळ्या प्रतींत शून्य लिहीत सुटू नका, कारण मालक सीपीयू त्याच वेळी जुना आकडा वाढवून परत लिहीत असू शकतो. आत्ताची बेरीज बाजूला टिपून ठेवा आणि दाखवताना ती वजा करा.

हे सगळं स्वतः करायचा कंटाळा असेल तर तयार `परसीपीयू_काउंटर` आहे आणि सीपीयू बंद होण्याचंही तो स्वतः बघतो. फक्त त्याचं झटपट वाचन आणि खरी बेरीज यांतला फरक ध्यानात घ्या. प्रत्येक सीपीयू ठरावीक बॅच भरेपर्यंत आकडा स्वतःकडेच ठेवतो. ती बॅच ३२ किंवा चालू सीपीयूंच्या दुप्पट, यांतली मोठी. ६४ सीपीयूंवर बॅच १२८, म्हणजे झटपट वाचन आठ हजारांच्या आसपास चुकू शकतं. मर्यादा दहा हजारांची असेल तर ते निरुपयोगी.

## टप्पा ५: सीपीयू बंद होतो तेव्हा

नुसते काउंटर असतील तर हा टप्पा गाळा. बंद सीपीयूची प्रत जागेवरच राहते आणि बेरजेत येते. पण प्रतीत वस्तू अडकून राहणार असतील, जसे आमचे बफर, तर ड्युटी संपलेल्या कंडक्टरची पिशवी डेपोत जमा व्हायला हवी.

सीपीयू चालू-बंद होताना कर्नलने बोलवायच्या फंक्शनांची, म्हणजे कॉलबॅकची, नोंदणी `सीपीयूएचपी_सेटअप_स्टेट` ने. त्या चालू-बंद होण्याच्या क्रमातल्या दोन डायनॅमिक जागा (स्टेट) उपयोगाच्या आहेत. `सीपीयूएचपी_एपी_ऑनलाइन_डीवायएन` चे कॉलबॅक येणाऱ्या-जाणाऱ्या सीपीयूवरच चालतात. `सीपीयूएचपी_बीपी_प्रिपेअर_डीवायएन` चे दुसऱ्या सीपीयूवरून चालतात: सुरुवातीचा तो उठण्याआधी, शेवटचा तो पूर्ण निजल्यावर.

साठा रिकामा करायला मी दुसरी जागा निवडतो. पहिलीत कॉलबॅक संपल्यावरही तो सीपीयू काही काळ जिवंत असतो आणि एखादा इंटरप्ट नुकत्याच रिकाम्या केलेल्या साठ्यात पुन्हा बफर टाकू शकतो. तो बफर मग कुणाचाच नाही. सीपीयू मेल्यावर त्याच्या प्रतीला हात लावणारं कुणी उरत नाही. कर्नलचा पेज अ‍ॅलोकेटरही आपल्या पर-सीपीयू पानांच्या याद्या असाच, सीपीयू मेल्यावर रिकाम्या करतो.

सावधान. डायनॅमिक जागा मागितली की यश मिळाल्यावर शून्य नव्हे, धन संख्या परत येते. तोच तुमच्या स्टेटचा क्रमांक. "शून्य नाही म्हणजे चूक" अशी तपासणी लिहिली तर नोंदणी झालेली असूनही मॉड्यूल माघार घेतं, आणि कॉलबॅक मागे राहतो. शून्यापेक्षा लहान आहे का एवढंच पाहा, आणि क्रमांक जपून ठेवा.

सावधान. `सीपीयूज_रीड_लॉक` धरलेलं असताना ही नोंदणी करू नका, डेडलॉक होईल. त्यासाठी नावाच्या शेवटी `सीपीयूजलॉक्ड` असलेला वेगळा प्रकार आहे.

## टप्पा ६: आवरणं

१. नवीन काम येणं बंद करा: डिव्हाइस नोंदणी काढा, इंटरप्ट सोडा.

२. चालू काम संपेपर्यंत थांबा: टायमर आणि वर्क आयटम सिंक प्रकाराने रद्द करा. पॉइंटर आरसीयूखाली (लॉक न घेता वाचायची कर्नलची पद्धत) वाचला जात असेल तर `सिंक्रोनाइझ_आरसीयू`.

३. `सीपीयूएचपी_रिमूव्ह_स्टेट`.

४. सगळ्या पॉसिबल सीपीयूंचे साठे रिकामे करा.

५. `फ्री_परसीपीयू`.

दुसरी पायरी तिसरीच्या आधीच हवी. स्टेट काढताना कर्नल तुमचा शेवटचा कॉलबॅक जिवंत सीपीयूंसाठीही बोलावतं. "सीपीयू मेलाय, कुणी हात लावणार नाही" हे गृहीतक तेव्हा खोटं असतं. आधीच सगळं थांबवलेलं असेल तरच ते निभावतं. ते नको असेल तर `नोकॉल्स` प्रकार वापरून चौथ्या पायरीवर विसंबा.

इनिट अर्ध्यावर फसलं तर तिथपासून उलट क्रमाने हीच वाट.

## टप्पा ७: चाचणी

क्यूईएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन सीपीयू चालू आणि कमाल चार, असं मशीन उभं करा. पॉसिबल-ऑनलाइनची गल्लत उरलेले दोन जोडताक्षणी उघडी पडते. वर सांगितलेल्या डीबग पर्यायांत `प्रूव्ह_लॉकिंग` आणि केसीसॅन (एकाच डेटावरची झटापट पकडणारा तपासनीस) मिळवा. प्रीएम्प्शन नसलेल्या कर्नलवर टप्पा २ च्या बऱ्याच चुका दिसतच नाहीत, तेव्हा तिथला हिरवा निकाल मोजू नका. एक फेरी एआरएम६४ वर झालीच पाहिजे.

मग ड्रायव्हरवर भार टाका आणि दुसऱ्या टर्मिनलमधून सिसएफएसमधल्या सीपीयूच्या `ऑनलाइन` फाइलमध्ये ० आणि १ आलटूनपालटून लिहिणारा लूप तासभर सोडा. शेवटी मॉड्यूल शंभरदा लोड-अनलोड करून प्रॉकमधल्या `मेमइन्फो` ची `परसीपीयू` ओळ आधी आणि नंतर पाहा. रिकामी पानं लगेच परत जात नाहीत, म्हणून थोडा चढउतार दिसेल. पण दर फेरीला आकडा चढतच राहिला तर इनिट फसल्यानंतरच्या वाटेवर कुठेतरी `फ्री_परसीपीयू` राहिलंय.